गच्चीच्या कडेने एक वाट

४ फेब्रुवारी

"वीज गेली की जिन्यात येऊन बसणाऱ्या, पंप बंद पडला की बादल्या घेऊन चार मजले चढणाऱ्या माझ्या शेजाऱ्यांनो, आपलं दुखणं एकच आहे. ऊन आपल्या डोक्यावर, गच्ची आपल्या मालकीची, वर्गणी आपल्या खिशातली. आणि तरी त्या गच्चीवर सोलर पॅनेल बसवायला आपल्याला एका खिडकीपुढे उभं राहावं लागतं. त्या खिडकीने आपला अर्ज तीनदा परत केला. तिन्ही वेळा शिक्का एकच: 'नियमानुसार नाही'. कोणता नियम? ते खिडकी सांगत नाही. स्वतःचं नाव सांगायला लाजणाऱ्या नियमापुढे आपण मान का तुकवायची? चोवीस तारखेला सकाळी बांधकाम परवानगीच्या कचेरीसमोर बसायला या."

फूटपट्टी, हे मी खाली जिन्यापाशी लावलं आहे. तुला आधी पाठवते, कारण तू त्याच जातकुळीतला आहेस. तुझ्या गावच्या कचेरीत तूही नकाशेच तपासतोस ना? लहानपणी दप्तरातली पट्टी घेऊन आमच्या घरातली टेबलं-खुर्च्या मोजत फिरायचास, तेव्हाच मी तुझ्या बापाला म्हटलं होतं, हा पुढे लोकांना छळणार.

तर आता आत्याच्या कामी ये. मला दारूगोळा हवा आहे. घराच्या गच्चीवर पॅनेल बसवण्याचे नियम काय, आणि त्यातला कोणता आमच्या कचेरीने मोडला, ते सविस्तर कळव. टेलिफोन एक्स्चेंजमध्ये तीस वर्षं युनियन चालवली, साहेबांच्या साहेबांना खाली उतरवलं. ही खिडकी ती काय!

तुझे काका बरे आहेत. बोलणं कमी, म्हणजे नेहमीचंच.

तुझी आत्या


९ फेब्रुवारी

आत्या, नमस्कार, आणि पुढचं वाचून चिडशील त्याबद्दल आधीच माफी.

पत्र वाचून मी हसलो आणि मग घाबरलो. हसलो कारण आमच्या कचेरीत पत्राची सुरुवात मोठ्याने वाचली तेव्हा शेजारच्या टेबलावरच्या बाईंनी विचारलं, निवडणूक जाहीर झाली का. घाबरलो कारण मला तू माहीत आहेस. तू बसणार म्हणजे बसणार.

पण मला एक सांग. तीनदा अर्ज परत आला आणि त्यातलं एकही कारण तुला ठाऊक नाही, हे कसं? नकाशा कोणी काढला? पॅनेल ठेवायचा लोखंडी सांगाडा किती उंच दाखवला आहे? कठड्यापासून किती जागा सोडली आहे? जिना जिथे गच्चीवर उघडतो त्या दारासमोर काय आहे? मला दारूगोळा नको, नकाशा पाठव. त्याशिवाय मी एक शब्दही लिहिणार नाही.

साधारण गोष्ट एवढीच सांगतो. बहुतेक ठिकाणी गच्चीवरच्या पॅनेलला बांधकामाची परवानगी लागतच नाही, कचेरीला कळवलं की झालं. परवानगी मागायची वेळ आली याचा अर्थ तुम्ही काहीतरी मोठं मांडलं आहे.

आणि रागावू नकोस, पण एक्स्चेंज बंद झाल्यापासून तुला भांडायला कोणी उरलं नाही, हे बाबासुद्धा म्हणतात. विजेसाठी भांडते आहेस की भांडणासाठी वीज शोधली आहेस? काकांना विचारून बघ. ते खरं बोलतील.

तुझा फूटपट्टी


१३ फेब्रुवारी

फूटपट्टीस,

तुझ्या बापाला सांग, भांडणाला मी शोधत गेले नाही कधी, तेच माझ्या दाराची बेल वाजवतं. आणि काकांना विचारायची मला गरज नाही.

नकाशा सोबत आहे. आपल्या वळणावरच्या वेल्डरने काढला आहे, हात चांगला आहे त्याचा. तुझ्या प्रश्नांची उत्तरं देते. सांगाडा माणसाच्या डोक्याच्याही वर हातभर. पॅनेल या कठड्यापासून त्या कठड्यापर्यंत. जिन्याच्या दारावरूनही, म्हणजे दारातून बाहेर आलं की सावलीच. आता विचारशील, एवढं उंच कशाला? सांगते.

इमारतीची बैठक आमच्याच घरी, बाहेरच्या खोलीत झाली. पॅनेल म्हटल्यावर पहिला प्रश्न तळमजल्याच्या शिंपीणबाईंचा: आमचे कपडे कुठे वाळवायचे? मग दुसऱ्या मजल्याची सासू म्हणाली, माझं गुडघ्याला ऊन देणं बंद. पहिल्या मजल्याचा बँकवाला म्हणाला, मुलांनी अभ्यासाला कुठे जायचं. एकेक करून सगळे मागे सरायला लागले. मी खुर्चीवरून उठले आणि शब्द दिला, एकीचीही दोरी तुटणार नाही, एकाचीही खुर्ची हलणार नाही, पॅनेल आकाशात राहतील आणि गच्ची तुमचीच राहील. टाळ्या पडल्या. वेल्डरने तिथल्या तिथे खांब उंच केले. तो शब्द मी दिला आहे. तो मागे घेऊन मी त्यांच्या तोंडाकडे कोणत्या तोंडाने बघू?

या गच्चीचा मालक कोण, ते तुम्हा कचेरीवाल्यांनी आधी ठरवावं. इतिहासात जेवढे जुलूम झाले, ते सगळे कोणाच्या तरी भल्यासाठीच झाले होते, असं कागदावर लिहिलेलं सापडतं. वाचलं आहेस ना काही, की नुसते नकाशेच?

(इथून शाई वेगळी आहे. मध्येच वीज गेली आणि उठावं लागलं. पेन कुठे ठेवलं ते सापडेना.)

कुठे होते मी? हं. नियम सांग. चोवीस तारीख जवळ आली.

आत्या


१८ फेब्रुवारी

आत्या,

नकाशा पाहिला. दोनदा पाहिला. आता तुला न आवडणारं सांगतो आणि गोलगोल न फिरवता सांगतो. तुझ्या कचेरीचं बरोबर आहे. हा नकाशा माझ्या टेबलावर आला असता तर मीही परत केला असता. गेल्याच आठवड्यात असाच एक केला, तोच शिक्का मारून.

तुला कारण हवं होतं ना? ऐक. सांगाडा गुडघ्याएवढा असला की तो गच्चीवर ठेवलेल्या सामानात मोडतो. खालून माणूस ताठ चालेल एवढा उंच केला की त्याचं छप्पर होतं. छप्पर आलं की खाली मजला आला, आणि मजला आला की इमारत तो पेलेल का, हे सिद्ध करावं लागतं. तुमची इमारत किती जुनी, तिच्या खांबांत काय उरलं आहे, हे वेल्डरला माहीत नाही, मला नाही, तुलाही नाही. शिवाय उंच खांबांवर आडवा टांगलेला पत्रा वाऱ्याला आयता सापडतो. वादळात तो उडाला तर शेजारच्या गल्लीत कोणाच्या डोक्यावर पडेल, ते तुझ्या भाषणाने ठरणार नाही.

दुसरं, कठडा. आमच्या गावात दोन वर्षांपूर्वी बूट-चपलांच्या गोदामाला आग लागली. वरच्या मजल्यावर माणसं अडकली होती. अग्निशमनवाले शेजारच्या छतावरून गच्चीवर उतरले आणि तिथेच अडकले, कारण गच्ची या टोकापासून त्या टोकापर्यंत पॅनेलने भरलेली. पाय ठेवायला जागा नाही, जिन्याच्या दारापर्यंत जायला वाट नाही. एकाने पॅनेलवर पाय दिला, तो घसरला आणि कठड्यावर लटकला. त्याला ओढून घेतलं, आतली माणसंही कशीबशी निघाली, पण तो माणूस आता वर चढत नाही, खाली पाइप धरून उभा राहतो. त्याचा भाऊ आमच्या कचेरीत आहे. तेव्हापासून मी प्रत्येक नकाशात आधी कठड्याच्या कडेची वाट बघतो, मग बाकीचं.

तुझा जुलूम तो हा. दोन माणसं पाइप घेऊन धावू शकतील एवढी वाट.

आणि आता माझा प्रश्न. वीज गेली म्हणून पत्र लिहिताना का उठावं लागलं? पत्र तू दिवसाउजेडी लिहितेस, खिडकीपाशी, हे मला माहीत आहे. उजेड होता. मग उठलीस कशाला?

फूटपट्टी


२७ फेब्रुवारी

फूटपट्टी, बाळा,

हे पत्र तुझ्या काकाचं. तुझी आत्या तीन दिवस कोणाला लिहीत नाही, बोलतही नाही, म्हणून घरात फार शांतता आहे आणि मला ती सोसत नाही. तुझं शेवटचं पत्र तिने उशीखाली ठेवलं आहे. मी वाचलं.

तू विचारलंस ती का उठली. माझ्यामुळे. उभा जन्म सुतारकाम केलं, भुसा छातीत साठला. मागच्या वर्षीपासून मी ऑक्सिजनच्या यंत्रावर आहे, दिवसातला बहुतेक वेळ. यंत्र घरघरतं, त्यामुळे बाजूच्यांना वाटतं आमच्याकडे कूलर आहे, थंडीतसुद्धा. वीज गेली की ती सिलिंडर लावते. घरची बॅटरी जुनी आहे, तिचा दम माझ्यापेक्षा आधी संपतो.

कोणाला सांगायचं नाही असा तिचा हुकूम. का, ते मी एकदा विचारलं. म्हणाली, "घरच्या माणसासाठी मागितलं की ती भीक होते. सगळ्यांसाठी मागितलं की हक्क होतो." तिचं आयुष्य त्यावर गेलं.

चोवीसला ती कचेरीसमोर बसली. माणसं बरीच होती म्हणे. तिचं भाषण रंगात आलं आणि इकडे वीज गेली. सिलिंडर लावायला मी उठलो, पण त्याची चावी माझ्याने फिरेना. शिंपीणबाई माझा सदरा द्यायला वर आल्या होत्या. त्यांनी मला बघितलं, चावी फिरवली, आणि सिलिंडरचा काटा तळाला बघून तशाच अनवाणी कचेरीकडे धावल्या. तुझी आत्या अर्ध्या वाक्यावर उठून आली. तीस वर्षांत पहिल्यांदा तिने वाक्य अर्धं सोडलं. लोकांना वाटलं, फितूर झाली. तसं कोणीतरी तोंडावर बोललंही.

दुसरा सिलिंडर वेळेवर आला. मी आहे.

पण आता ती मला सोडून खालीसुद्धा उतरत नाही. दोरी तुटणार नाही हा शब्दही मोडत नाही. दोन्हींमध्ये अडकून बसली आहे. तू लिही. काय केलं की पॅनेल बसतील ते सांग. आणि गोड बोलू नकोस, तिला गोड बोललेलं आवडत नाही.

काका


२ मार्च

आत्या,

काकांनी लिहिलं. त्यांच्यावर चिडू नकोस, आणि माझ्यावर चिडायचं असेल तर हे वाचून झाल्यावर चीड.

तू भांडणासाठी वीज शोधलीस, असं मी लिहिलं होतं. ते शब्द मी परत घेतो.

सोबत नवा नकाशा आहे. मी काढला आहे, पण सही तुमच्या गावच्या इंजिनियरची लागेल, माझी चालत नाही. सांगाडा गुडघ्याएवढा. चारी कडांनी वाट, दारापुढे मोकळी जागा. पॅनेल निम्मी झाली, पण पंप, जिन्याचे दिवे, प्रत्येक घराला एक पंखा-दिवा आणि काकांचं यंत्र एवढं निघतं, चांगली बॅटरी घेतलीत तर. याला बांधकामाची परवानगी लागत नाही. इंजिनियरची आणि वायरमनची सही जोडून कचेरीला कळवायचं, त्यांचा माणूस येऊन वाट मोजून जाईल.

दोऱ्या मात्र उतरवाव्या लागतील. शब्द मोडावा लागेल, आणि तो तुलाच मोडावा लागेल, त्याच बाहेरच्या खोलीत. का मोडते आहेस तेही सांगावं लागेल.

भीक आणि हक्क यातलं मला कळत नाही. पण तिसरंही काहीतरी असतं, आत्या. शेजारी.

फूटपट्टी


२९ एप्रिल

फूटपट्टीस, आत्याचा आशीर्वाद, या वेळी कुठलीही अट न घालता.

दोन महिने लिहिलं नाही, कारण काम झाल्याशिवाय लिहायचं नाही असं ठरवलं होतं. झालं. आता ऐक.

बैठक बोलावली. बाहेरच्या खोलीत माणूस मावेना, कारण भाषणांची ही तोफ फितूर का झाली ते ऐकायला सगळे आले होते. मी उभी राहिले आणि शब्दच फुटेना. बँकवाला म्हणाला, आज माइक बिघडला वाटतं. मग मी आतल्या खोलीचं दार उघडलं. तुझे काका नाकाला नळी लावून पलंगावर बसले होते आणि शेजारी आमचा कूलर घरघरत होता. त्यांनी सगळ्यांना हात केला, जणू बसमधून निघाले आहेत.

मला वाटलं होतं, कणव येईल सगळ्यांना. कणवेची मला भीती होती. पण कसली कणव! शिंपीणबाई उसळल्याच. त्यांना चोवीसलाच सगळं कळलं होतं, मीच गळ घालून गप्प बसवलं होतं, ती वाफ तेव्हापासून कोंडलेली. म्हणाल्या, "आमच्या चादरी वाळाव्यात म्हणून नवऱ्याचा श्वास टांगून ठेवलास? आम्ही कोण वाटलो तुला?" दुसऱ्या मजल्याची सासू म्हणाली, माझ्या गुडघ्याला रस्त्यावरचं ऊनही चालतं, गुडघ्याला गच्ची कळत नाही. बँकवाल्याच्या बायकोने तिथल्या तिथे जाहीर केलं की आता गॅलरीतलं भंगार निघालंच पाहिजे, नवऱ्याला आयुष्यभर सांगून जे झालं नाही ते आज होणार. उभ्या आयुष्यात मला एवढं कोणी झापलं नव्हतं, आणि इतकं बरंही कधी वाटलं नव्हतं. संध्याकाळपर्यंत दोऱ्या उतरल्या होत्या. मी एकीलाही सांगायला गेले नाही.

इंजिनियरने सही केली. पॅनेल बसली. मग कचेरीचा माणूस वाट मोजायला आला. माणूस कसला, एक सडपातळ बाई, खांद्याला पिशवी, हातात टेप. म्हणाली, खिडकीच्या धुरकट काचेआड बसून तीनदा अर्ज परत केला ती मीच. इतके दिवस मी खिडकीमागे एक गलेलठ्ठ साहेब बसवून त्याला शिव्या घालत होते! ती कठड्याच्या कडेने पूर्ण फेरी चालली. दार उघडून बघितलं, मिटून बघितलं. एका कोपऱ्यात सासूबाईंच्या कुंड्या वाटेत आल्या होत्या, त्या मीच उचलल्या. तिने "ठीक आहे" म्हटलं आणि सही केली.

मी तिला विचारलं, कारण का लिहिलं नाहीत? म्हणाली, अर्जावर शिक्क्याएवढाच चौकोन असतो. आणि मग म्हणाली, "तुम्ही तीनदा आलात. तिन्ही वेळा भाषण केलंत. कारण विचारलं असतंत तर सांगितलं असतं." फूटपट्टी, ते खरं आहे. मी खिडकीशी तीनदा उभी राहिले, लोकशाहीवर बोलले, सूर्यावर बोलले, रांगेतल्या लोकांनी टाळ्याही वाजवल्या, पण "काय चुकलं?" एवढे दोन शब्द माझ्या तोंडून निघाले नाहीत. ज्या माणसांनी आयुष्यभर मागण्या केल्या, त्यांना प्रश्न विचारायची सवय राहत नाही.

आता खरी गोष्ट. परवा दुपारी वीज गेली. पंखा क्षणभर अडखळला, आणि मी उठले. इतक्या दिवसांची सवय, डोक्याच्या आधी पाय उठतात. सिलिंडरपाशी गेले, चावीला हात घातला. तुझे काका पलंगावर पडून जुनी मासिकं चाळत होते. मान वर करून म्हणाले, "कुठे निघालीस?" यंत्र चालू होतं. त्यांना वीज गेल्याचं कळलंसुद्धा नव्हतं. खाली पंपाचा आवाज येत होता, समोरच्या इमारतीतली माणसं नेहमीसारखी जिन्यात येऊन बसली होती, आणि आमच्याकडे काहीच घडत नव्हतं. काहीच न घडणं किती मोठं असतं, ते मला तेव्हा कळलं. मी पलंगाच्या कडेला टेकले आणि बसल्या बसल्या झोपले. जाग आली तेव्हा ऊन उतरलं होतं, वीज केव्हाच परत आली होती, आणि माझ्या अंगावर त्यांनी चादर टाकली होती. नळीची लांबी पुरेल तेवढीच, गुडघ्यापर्यंत.

तर फूटपट्टी, नियम बरोबर होता. हे मी लिहून देते, जपून ठेव, पुन्हा मिळायचं नाही. पण नियम बरोबर होता म्हणून खिडकी बरोबर ठरत नाही. जो नियम माणसाचा जीव वाचवतो, तो चौकोनात मावत नाही म्हणून लपवून ठेवायचा? मला तुझ्यासारखा भाचा होता. ज्याला नाही, त्याने किती सिलिंडर चढवायचे? आणि तू, माझा लाडका, तूही गेल्या महिन्याभरात किती जणांवर तोच शिक्का मारलास, ते मोजायला मी सांगत नाही. तुला ते पाठ असेल.

एवढंच कर. उद्या कचेरी उघडायच्या आत, रांग लागायच्या आधी, एका मोठ्या कागदावर जाड अक्षरात लिही: "सांगाडा गुडघ्याच्या वर नको. कठड्याच्या कडेने आणि दारापुढे दोन माणसं धावतील एवढी वाट सोडा. एवढं केलंत तर परवानगी लागत नाही, फक्त कळवा." साहेबांची परवानगी मागत बसू नकोस. तो कागद तुझ्या खिडकीच्या काचेवर, बाहेरच्या बाजूने, उभ्या माणसाच्या डोळ्यांसमोर येईल असा चिकटव.

तुझी आत्या